बंधन आणि सुटका : रखमाबाईंच्या चरित्रांतील एक प्रकरण

कांहीं महिन्यांपूर्वीं आमच्या नात्यांतील एक मुलगी घरीं आली होती. न्यायालयाकडून विवाहविच्छेदाचा हुकूम मिळून तिला वर्ष होऊन गेलें होतें. बोलतां बोलतां ती म्हणाली, "काका, कागद हातीं आला, पण सुटका कांहीं झालेली नाहीं. ती केव्हां होते?" घरांतील वडील माणसांनीं त्यावर नेहमींचीं उत्तरें दिलीं. झालें गेलें विसरून जावें, कामांत मन गुंतवावें, काळासारखें दुसरें औषध नाहीं. मुलीनें सर्व ऐकून घेतलें, चहा घेतला आणि ती गेली. आम्हांला मात्र तो प्रश्न सोडीना. एखादें नातें संपलें असें केव्हां म्हणावयाचें? कागद झाल्यावर? विसर पडल्यावर? कीं आणखी कशानें? ह्याचा विचार करतांना आमचें मन वारंवार सुमारें एकशें चाळीस वर्षांमागील मुंबईंतील एका स्त्रीकडे जाऊं लागलें. तिच्या हातीं तर असा कागदहि कधीं पडला नव्हता.

परंतु तिची हकीकत सांगण्यापूर्वीं आपल्या भाषेंतील दोनचार शब्दांकडे वाचकांचें लक्ष वेधणें अवश्य वाटतें. कारण समाज एखाद्या गोष्टीकडे कोणत्या दृष्टीनें पाहतो हें त्याच्या शब्दांत जितकें उमटतें तितकें त्याच्या कायद्यांतहि उमटत नाहीं. आज आपण 'घटस्फोट' हा शब्द सर्रास वापरतों. धर्मशास्त्रांत मात्र त्याचा विवाहाशीं मुळींच संबंध नाहीं. महापातक करून प्रायश्चित्त न घेणाऱ्या पतितासाठीं त्याचे सपिंड गांवाबाहेर जमत, तो मेलाच असें समजून त्याला उदक देत आणि दासीकडून पाण्यानें भरलेला घट पायानें लवंडवीत. तेव्हांपासून त्याच्याशीं बोलणें, बसणें, वांटणी, सारें बंद. जिवंत माणसाचें हें श्राद्धच होय. आश्चर्य असें कीं त्याच शास्त्रानें परतीची वाटहि ठेविली होती. तो प्रायश्चित्त घेऊन आला, तर आप्तांनीं त्याच्यासह स्नान करावें आणि नवा घट पाण्यांत सोडावा. पुढें हा शब्द नवरा-बायकोच्या ताटातुटीला लागू झाला तेव्हां त्यांतील बहिष्काराची छाया मात्र तशीच राहिली, आणि नव्या घटाचा विसर पडला.

ह्याच्या उलट बहुजनसमाजांतील शब्द पाहा. 'काडीमोड' म्हणजे पंचांसमक्ष काडी मोडावयाची कीं संबंध तुटला. 'सोडचिठ्ठी' म्हणजे सोडल्याचें पत्र. आणि 'फारकत' हा शब्द तर हिशेबाच्या वहींतला. धनको आणि ऋणको ह्यांचें देणेंघेणें पुरें झालें, आतां एकाचा दुसऱ्यावर कांहीं दावा उरला नाहीं, असा लेख म्हणजे फारखत. तोच शब्द नवरा-बायकोच्या विभक्त होण्याला लावणाऱ्या लोकांच्या व्यवहारज्ञानाचें आम्हांस कौतुक वाटतें. इंग्रजी अमलाच्या आरंभीं, १८२७ सालीं, आर्थर स्टील ह्यानें दख्खनेंतील जातींच्या चालीरीतींचा जो संग्रह सरकारासाठीं तयार केला, त्यांत अशा काडीमोडीची आणि त्यानंतर होणाऱ्या पाटाची भरपूर नोंद आहे. वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत मात्र विवाह हा संस्कार, आणि संस्कार उलटत नाहीं, असा सिद्धांत दृढ होता.

आणि तरीहि हा सिद्धांत सर्वकाळ एकमुखी होता असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत धर्म्य मानलेल्या चार विवाहांना विच्छेद नाहीं असें सांगितलें आहे खरें. पण इतर विवाहांत उभयतांना परस्परांविषयीं द्वेष उत्पन्न झाला असतां त्यांची सुटका होऊं शकते असेंहि म्हटलें आहे. त्या सुटकेसाठीं त्यानें योजिलेला शब्द 'मोक्ष' हा आहे. ज्या शब्दानें आपण जन्ममरणाच्या फेऱ्यांतून सुटणें दाखवितों, तोच शब्द त्या व्यवहारचतुर आचार्यानें नकोशा झालेल्या संसारांतून सुटण्यासाठीं वापरला. परंतु हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत काळाच्या पडद्याआड होता. शामशास्त्री ह्यांनीं तो छापून प्रसिद्ध केला १९०९ सालीं. ज्या खटल्याविषयीं आम्ही लिहिणार आहोंत, त्यांतील वकिलांच्या वा न्यायाधीशांच्या हातीं तो असणें शक्य नव्हतें.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईंत झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे मुलगी अगदीं लहान असतांनाच वारले. आई जयंतीबाई ह्या त्या वेळीं अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. कुटुंब सुतार जातीचें. त्या जातींत विधवेच्या पुनर्विवाहास मज्जाव नव्हता. कांहीं वर्षांनीं जयंतीबाईंनीं डॉक्टर सखाराम अर्जुन ह्या विधुर गृहस्थांशीं विवाह केला, आणि तसें करतांना पहिल्या पतीची मिळकत मुलीच्या नांवें केली. डॉक्टर सखाराम अर्जुन हे मुंबईंतील नामांकित वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे जाणते. १८८३ सालीं मुंबईंत निसर्गेतिहासाची जी प्रसिद्ध संस्था निघाली, तिच्या मूळ संस्थापकांत दोनच एतद्देशीय होते. त्यांपैकीं एक हे. अशा सुविद्य घरांत वाढत असूनहि रखमाबाईंचें लग्न वयाच्या अकराव्या वर्षीं उरकण्यांत आलें. घरांत सुधारणेचें वारें असलें तरी उंबरठ्यापाशीं रूढि उभी असते, तिचा हा दाखला.

वर दादाजी भिकाजी हा डॉक्टरांच्याच नात्यांतला, एकोणीस-वीस वर्षांचा तरुण. ठरलें होतें तें असें कीं त्यानें सासरींच राहावें, शिकावें, आणि चांगलें माणूस व्हावें. तें घडलें नाहीं. अभ्यासांत त्याचें मन रमेना. आई वारल्यावर तो मामाच्या घरीं जाऊन राहिला. पुढें दीर्घ आजारानें अंथरुणाला खिळला. इकडे रखमाबाई सावत्र पित्याच्या आश्रयानें वाचीत होत्या, इंग्रजी शिकत होत्या. मुलगी वयांत येतांच तिला नवऱ्याच्या स्वाधीन करण्याची चाल डॉक्टर ह्या नात्यानें सखाराम अर्जुनांना पसंत नव्हती, आणि त्यांनीं ती पाळली नाहीं. अशा रीतीनें आठ वर्षें गेलीं. लग्न झालेलें होतें, संसार झालेला नव्हता. दोन जीव दोन घरांत दोन निराळ्या दिशांनीं वाढत होते, आणि मध्यें एक अक्षतांची आठवण तेवढी होती.

१८८४ च्या मार्च महिन्यांत दादाजीच्या वकिलांचें पत्र डॉक्टरांच्या घरीं आलें : पत्नीला नांदावयास पाठवा. रखमाबाईंनीं जाण्याचें नाकारलें. नवऱ्याचें दारिद्र्य, त्याचें दुखणें, ज्या घरीं जावयाचें त्या घराची चालचलणूक, अशीं कारणें त्यांच्या बाजूनें मांडण्यांत आलीं. पण त्या सर्वांच्या मुळाशीं एक कारण होतें, आणि तेंच खरें होतें. हें लग्न ज्या वयांत लावलें गेलें, त्या वयांत मला विचारणें शक्य नव्हतें. आतां मला विचाराल, तर माझें उत्तर 'नाहीं' असें आहे. बावीस तेवीस वर्षांच्या आंत असलेल्या एका हिंदु स्त्रीनें भर न्यायालयांत अशी भूमिका घ्यावी, ही गोष्ट त्या काळीं केवढी विलक्षण होती ह्याची कल्पना आज येणें कठीण आहे.

दादाजीनें वैवाहिक हक्क परत मिळावेत म्हणून मुंबईच्या हायकोर्टांत दावा लाविला. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे ह्यांनीं तो फेटाळून लाविला. त्यांचें म्हणणें असें कीं, जें कधीं नव्हतेंच तें परत कसें मिळावयाचें? हीं दोघें एकत्र नांदलींच नाहींत. तेव्हां येथें हक्काची पुनःप्राप्ति नसून प्रथमप्राप्तीच मागितली जात आहे. अजाण वयांत लग्न लागलेल्या स्त्रीला, ती नको म्हणत असतां, बळानें पुरुषाच्या हवालीं करणें हें त्यांना रानटीपणाचें वाटलें. निकालाच्या सुमारासच 'टाइम्स ऑफ इंडिया' पत्रांत 'एक हिंदु स्त्री' ह्या सहीनें बालविवाह व सक्तीचें वैधव्य ह्या विषयांवर दोन पत्रें प्रसिद्ध झालीं. तीं रखमाबाईंचीं होतीं. त्याच वर्षीं त्यांचा आधारवड, डॉक्टर सखाराम अर्जुन, हे निवर्तले.

ह्या निकालानें एकच गहजब उडाला. बेहरामजी मलबारी आणि त्यांचे सुधारक स्नेही रखमाबाईंच्या पाठीशीं उभे राहिले; न्यायालयांत त्यांची बाजू मांडणाऱ्यांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते. 'केसरी' व 'मराठा' ह्या पत्रांनीं उलट बाजू घेतली. परक्या न्यायाधीशांनीं आमच्या विवाहसंस्थेंत ढवळाढवळ करावी हें टिळकांना मान्य नव्हतें. ह्या पक्षाला केवळ दुष्ट म्हणून निकालांत काढणें इतिहासाला शोभणार नाहीं. राज्य गेलें, विद्या गेली, निदान घर तरी आपलें राहावें, ही त्यामागची वेदना खोटी नव्हती. परंतु त्या घराच्या रक्षणासाठीं घरांतल्याच एका मुलीचा बळी द्यावा लागत होता, हें तिला कळत असून वळत नव्हतें.

आणि येथें इतिहासानें एक मोठी थट्टा केली आहे. ज्या दाव्याला हिंदुधर्माचें रक्षण म्हटलें जात होतें, तो दावा मुळीं हिंदूंचा नव्हताच. नांदत नाहीं म्हणून पत्नीला न्यायालयांत खेंचावें आणि हुकूम न मानल्यास तुरुंगांत घालावें, ही तजवीज आली होती विलायतेंतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांच्या परंपरेंतून. आपल्याकडे पतीला पत्नी टाकतां येई, दुसरी करतां येई. पण पत्नीला कैदेंत पाठविण्याचा हक्क शास्त्रानें त्याला दिलेला नव्हता. त्याहूनहि नवल असें कीं, ज्या १८८४ सालीं दादाजीनें वकिलांकरवीं पत्र धाडलें, त्याच सालीं इंग्लंडांत पार्लमेंटनें कायदा करून ह्या कारणासाठीं होणारी कैद रद्द केली. म्हणजे जी बेडी इंग्रजांनीं स्वतःच्या बायकांच्या पायांतून काढली, ती हिंदुस्थानांत आमच्या लेकींच्या पायांत राहिली, आणि आम्ही ती आमच्या धर्माची म्हणून कवटाळून बसलों!

दादाजीनें अपील केलें. १८८६ च्या मार्चमध्यें मुख्य न्यायमूर्ति सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ति बेली ह्यांनीं पिन्हे ह्यांचा निकाल फिरवून खटला पुनः चौकशीसाठीं पाठविला. आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं हुकूम केला कीं, रखमाबाईंनीं पतीकडे नांदावयास जावें, नाहींतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनीं कळविलें कीं कायद्यांत असेल ती अधिकांत अधिक शिक्षा आपण पत्करूं, पण जाणार नाहीं. तुरुंगाची वाट त्यांना त्या घराच्या वाटेपेक्षां जवळची वाटली.

शेवटीं तुरुंगाची वेळ आली नाहीं. १८८८ च्या जुलै महिन्यांत तडजोड झाली. दादाजीनें दोन हजार रुपये घेतले आणि हुकुमाची बजावणी करण्याचा हक्क सोडून दिला. पुढल्याच वर्षीं त्यानें दुसरें लग्न केलें. चार वर्षें ज्या खटल्यानें देश दुमदुमला, ज्यावर विलायतेच्या पत्रांतूनहि वाद झडले, तो असा हिशेबाच्या वहींत येऊन मिटला. ही खरोखर फारखतच होती, मात्र अर्धी. नवऱ्याचा दावा सुटला, लग्न सुटलें नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें रखमाबाई त्याची पत्नीच होत्या. तो मोकळेपणानें दुसरा संसार मांडूं शकला. त्यांना तशी मुभा नव्हती. कोणत्याहि पंचानें त्यांच्यासाठीं काडी मोडली नाहीं.

आतां दादाजीविषयीं दोन शब्द. रखमाबाईंच्या चरित्रकथेंत त्याला खलपुरुषाची भूमिका देणें सोपें आहे, आणि पुष्कळ लेखकांनीं ती दिली आहे. त्यानें मिळकतीचा लोभ धरला असें त्याचे विरोधक म्हणत; सासरच्यांनीं मुलीला फितविलें असें तो म्हणे. १८८७ सालीं त्यानें आपली बाजू मांडणारी पुस्तिकाहि छापली. पण हेंहि पाहिलें पाहिजे कीं एकोणीस वर्षांच्या, गरीब, आजारी मुलाला श्रीमंत सासऱ्याच्या दारीं बांधण्यांत आलें. तूं शिकशील, मोठा होशील, असें त्याला सांगण्यांत आलें. आणि तें जमलें नाहीं तेव्हां भर बाजारांत सर्व जगासमोर त्याच्या पत्नीनें त्याला नाकारलें. ह्या अपमानाची भरपाई कोणत्या न्यायालयानें केली असती? हुकूम त्याच्या हातीं आला, तरी पत्नी आली नाहीं. दोन हजार रुपये मिळाले, तरी हरपलेला मान मिळाला नाहीं. बालविवाहानें एका मुलीचें नुकसान केलें हें आपण जाणतों; त्यानें एका मुलाचेंहि केलें, हें सहसा बोललें जात नाहीं. ह्यामुळें त्याचा दावा न्याय्य ठरत नाहीं. परंतु ज्या बंधनांतून एकीला सुटावयाचें होतें, त्यांतच दुसराहि अडकलेला होता, एवढें ध्यानांत येतें.

तडजोडीनंतर रखमाबाईंपुढें दोन मार्ग होते. पहिला मार्ग जन्मभर 'खटल्यांतली रखमाबाई' म्हणून राहण्याचा. सभा होत्या, पत्रें होतीं, सहानुभूतीचे पूर वाहत होते. आपल्या दुःखाचें भांडवल करून कोणालाहि त्यावर आयुष्य काढतां आलें असतें. दुसरा मार्ग कष्टाचा होता. मुंबईच्या कामा इस्पितळांतील डॉक्टर एडिथ पेची ह्या थोर बाईंनीं त्यांना वैद्यकी शिकण्यास उत्तेजन दिलें, विलायतेंतील स्नेह्यांनीं साहाय्य केलें, आणि १८८९ सालीं रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकविद्यालयांत दाखल झाल्या. वय पंचविशीच्या घरांत. मागें एक मोडलेला पण न तुटलेला विवाह. पुढें शरीरशास्त्राचीं पुस्तकें आणि लंडनचें धुकें. १८९४ सालीं त्या डॉक्टर झाल्या आणि पुढल्या वर्षीं स्वदेशीं परतल्या.

त्यांनीं कामासाठीं सुरत शहर पत्करलें. तेथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनीं वीस वर्षांहून अधिक काळ घालविला. पुरुष डॉक्टरला नाडीहि दाखवावयाची नाहीं, अशा घरांतील बायका. सुइणीच्या हातून अडलेलीं बाळंतपणें. त्यांतच प्लेगाचीं वर्षें. जिला स्वतःला कधीं संसार घडला नाहीं, तिनें परक्या घरांतील किती संसार मृत्यूच्या दारांतून माघारीं आणले असतील, ह्याची मोजदाद कोण करणार? पुढें १९१८ च्या सुमारास सरकारी वैद्यकसेवेंत वरिष्ठ जागा देऊं केली असतां ती न घेतां त्या राजकोटच्या जनाना इस्पितळांत गेल्या, आणि सुमारें १९३० पर्यंत तेथें काम करून निवृत्त झाल्या. काठेवाडांतल्या आणि सुरतेंतल्या ज्या बायका त्यांच्या दारीं येत, त्यांच्यापुढें 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' नव्हतें, डॉक्टरीणबाई होत्या. उत्तर वयांत, १९२९ सालीं, पडदा नाहींसा व्हावा म्हणून त्यांनीं एक पुस्तिका लिहिली. लेखणी थांबली नव्हती. तिनें स्वतःचें गाऱ्हाणें मागें टाकून इतरांचें उचललें होतें.

येथपर्यंतची कथा मनाला उभारी देणारी आहे, आणि व्याख्यानांतून ती येथेंच संपते. पण चरित्रांत एक प्रसंग असा आहे कीं तो वाचतांना प्रत्येक वाचक थबकतो. १९०४ सालीं दादाजी भिकाजी वारला. तें कळल्यावर रखमाबाईंनीं विधवेचें पांढरें वस्त्र धारण केलें.

ज्या पुरुषाबरोबर एक दिवस संसार केला नाहीं, ज्याच्या घरीं जाण्यापेक्षां तुरुंग बरा म्हटला, ज्यानें सोळा वर्षांपूर्वीं पैसे घेऊन हक्क सोडला आणि दुसरा संसार थाटला, त्याच्यासाठीं वैधव्य? आणि तेंहि सक्तीच्या वैधव्याविरुद्ध तरुणपणीं लेखणी उचललेल्या स्त्रीनें? कित्येक सुधारकांना हा पराभव वाटला आहे. शेवटीं रूढीनें गांठलेंच, असा उसासा ते टाकतात. दुसरे व्यवहारी लोक म्हणतात कीं सुरतेच्या सनातनी घरांत ज्या डॉक्टरिणीला जावयाचें आहे, तिला लोकाचार सांभाळणें भाग होतें. रोग्याचा विश्वास हा औषधाचा अर्धा भाग असतो. ह्या दुसऱ्या म्हणण्यांत तथ्य आहे. पण आम्हांला त्यांत पूर्ण उत्तर दिसत नाहीं.

आमचा तर्क असा आहे. त्या समाजानें स्त्रीच्या लग्नाला शेवट असा एकच ठेविला होता, आणि तो म्हणजे पतीचा मृत्यु. काडीमोडीचा मार्ग त्यांना लाभला नाहीं, घटस्फोटाचा कायदा नव्हता, न्यायालयानें हक्क मिटविला पण नातें तसेंच लोंबत ठेविलें. वीस वर्षें जें नातें जिवंतहि नव्हतें आणि मेलेंहि नव्हतें, त्याला १९०४ सालीं प्रथमच पूर्णविराम मिळण्याची संधि आली. तो पूर्णविराम रखमाबाईंनीं स्वतःच्या हातानें दिला. ज्याच्याशीं भांडण होतें तो गेला. भांडणहि त्याच्याबरोबर जाऊं द्यावें. जें कांहीं लोकरीतीनें देणें लागत असेल तें देऊन टाकावें आणि वही मिटावी, असा त्या वस्त्राचा अर्थ आम्ही करतों. सक्तीचें वैधव्य आणि स्वेच्छेनें पाळलेला शोक ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिल्यांत समाज स्त्रीकडून वसूल करतो. दुसऱ्यांत ती आपण होऊन देते. आणि ज्यानें तुरुंगाच्या भयानेंहि कांहीं दिलें नाहीं, त्यानें निर्भय झाल्यावर दिलेलें दान हें दुबळेपणाचें लक्षण म्हणतां येत नाहीं. ज्याला वैर असतें तो शत्रूच्या मरणानें हर्ष करतो किंवा मुद्दाम उदासीनता दाखवितो. दोन्हींत तो अजून बांधलेलाच असतो. हर्ष नाहीं, तिरस्कार नाहीं, आणि आपल्या कामांत तसूभर खंड नाहीं, ही आम्हांला सुटकेची खूण वाटते.

वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं हा अर्थ तुम्ही पदरचा घालीत आहां. असेलहि. तथापि पांढऱ्या वस्त्रानंतरच्या पन्नास वर्षांकडे पाहिलें, तर त्यांत खचलेल्या विधवेचें आयुष्य कोठेंच आढळत नाहीं. सुरत, राजकोट, पडद्याविरुद्धचें लिखाण, आणि अखेरीस मुंबईंतील शांत वार्धक्य हींच आढळतात. वस्त्राचा अर्थ आयुष्यावरून लावावा, आयुष्याचा अर्थ वस्त्रावरून लावूं नये.

ह्या मधल्या काळांत देशाचा कायदाहि हळूहळू चालत होता. १८९१ सालीं संमतिवयाचा कायदा होऊन दहांची मर्यादा बारा वर्षांवर आली. त्या वादाच्या आगींत रखमाबाईंच्या खटल्याची ठिणगी होती. पत्नी नांदावयास जात नाहीं म्हणून तिला कैद करण्याची तरतूद १९२३ सालीं काढून टाकण्यांत आली. म्हणजे इंग्लंडच्या मागून एकोणचाळीस वर्षांनीं. बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दींत १९३१ सालीं हिंदूंसाठीं विवाहविच्छेदाचा कायदा झाला. मुंबई प्रांतांत तो १९४७ सालीं आला. आणि सर्व देशासाठीं हिंदु विवाह कायदा झाला १९५५ च्या मे महिन्यांत. त्याच वर्षीं २५ सप्टेंबर रोजीं, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, डॉक्टर रखमाबाईंनीं देह ठेविला. ज्या दाराची कडी त्यांनीं विशींत वाजविली, तें त्यांच्या मृत्यूपूर्वीं चारच महिने उघडलें. त्या नव्या कायद्यांतहि नांदण्याचा हुकूम मागण्याचें कलम ठेवण्यांत आलें. १९८३ सालीं आंध्र प्रदेशाच्या उच्च न्यायालयानें तें घटनाबाह्य ठरविलें, आणि पुढल्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें तें ग्राह्य मानलें. जुनीं बंधनें समाजालाहि एकदम सोडवत नाहींत. मग माणसांची काय कथा?

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. सुटका केव्हां होते? कागदानें ती होत नाहीं हें त्या मुलीनेंच सांगितलें होतें. विसरण्यानें होते म्हणावें, तर रखमाबाई विसरल्या नव्हत्या. विसरलेलें माणूस सोळा वर्षांनीं पांढरें वस्त्र नेसत नाहीं. आम्हांला वाटतें, उत्तर त्या जुन्या 'फारकत' शब्दांतच आहे. नातें तुटलें तरी मनाच्या वहींत येणें बाकी राहतें. त्यानें माझीं वर्षें घेतलीं, तीं त्यानें परत करावींत. निदान चुकलों असें त्यानें म्हणावें. निदान तो दुःखी असल्याचें मला कळावें. हीं बाकी वसूल होईपर्यंत माणूस त्या दारांत बसून राहतें, आणि ती तर कधींच वसूल व्हावयाची नसते. ज्या दिवशीं आपण होऊन त्या रकमेवर आडवी रेघ मारावी, त्या दिवशीं फारखत पुरी होते. ती रेघ मारण्याला दुसऱ्याच्या सहीची गरज लागत नाहीं. मात्र हात मोकळा असावा लागतो. आणि हात मोकळा होण्यासाठीं त्यांत दुसरें कांहीं काम यावें लागतें. रखमाबाईंच्या हातांत रोग्याची नाडी आली.

मात्र ह्यांतून समाजानें आपली सुटका करून घेऊं नये. रखमाबाईंना विद्या होती, आईनें दिलेली मिळकत होती, सावत्र पित्याचा पाठिंबा होता, परदेशांतले स्नेही होते. तरी त्यांना वीस वर्षें लागलीं. ज्यांच्यापाशीं ह्यांतलें कांहींच नाहीं, त्यांना 'विसरून जा' असें सांगणें म्हणजे घट पायानें लवंडून घरीं निघून जाण्यासारखें आहे. आपल्याच शास्त्रानें परतणाऱ्या पतितासाठीं सुद्धां नवा घट सांगितला होता, आणि त्याच्याबरोबर स्नान करण्याचें कर्तव्य आप्तांवर टाकलें होतें. मग जिचें पाप कांहींच नाहीं, तिच्यासाठीं आपण काय करतों?

पुढल्या वेळीं ती मुलगी आली, तेव्हां घरांतल्या कोणीहि तिला उपदेश केला नाहीं. ती एका शिकवणीवर्गांत गणित शिकवूं लागल्याचें तिनें सांगितलें. तिची मोठी मावशी, जी पूर्वीं तिच्यासमोर हळदीकुंकवाचें ताट आखडतें घेई, तिनें त्या दिवशीं तिला पाटावर आपल्याशेजारीं बसविलें आणि पानांत पुरणाची पोळी वाढली. "सुटका झाली का?" असें आम्हीं विचारलें नाहीं. पोळी घेऊन ती म्हणाली, "मावशी, तूप आणखी थोडें वाढा." बराच वेळ ती बसली होती.